गाळण बदलताना

माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत पाण्यात उतरत असतो. समुद्रात त्याचा मागमूसही राहत नाही, पण घरातल्या दोनशे लिटरच्या काचेच्या टँकमध्ये तोच अमोनिया साठत जाऊन काही दिवसांत जीवघेणा ठरतो. खाऱ्या पाण्यात हा धोका गोड्या पाण्याहून मोठा असतो आणि त्याचं कारण सामूत आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत वावरतो, एक फारसं न बाधणारं अमोनियम आणि दुसरं विषारी, मोकळा अमोनिया. सामू 7 असेल तर या विषारी रूपाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. प्रवाळाच्या टँकला सामू लागतो 8.1 ते 8.4, आणि तिथे हाच वाटा दहा पटींहून अधिक वाढतो. म्हणजे टेस्ट किटवर अमोनियाचा रंग दोन्हीकडे सारखाच दिसला, तरी गोड्या पाण्यातला गप्पी तो पचवून जाईल आणि खाऱ्या पाण्यातला क्लाउनफिश धापा टाकेल.

म्हणून रीफ टँक, म्हणजे प्रवाळाचा टँक, ठेवायचा म्हटलं की पहिला प्रश्न फिल्टरचा येतो. टँक एकदा रुळला, पाणी स्वच्छ राहू लागलं, मासे खाऊ लागले, की दुसरा मोह सुरू होतो, तो फिल्टरमध्ये भरायच्या नव्या मीडियाचा. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या किंवा कुर्ल्याच्या मत्स्यालयाच्या दुकानांत पाहा, नाहीतर ऑनलाइन पाहा. सच्छिद्र सिरॅमिकचे ठोकळे, काच भाजून केलेल्या पोकळ नळ्या, प्युमिसचे खडे, ॲक्टिव्हेटेड कार्बन, फॉस्फेट शोषणारे तांबूस दाणे, नायट्रेट घटवणाऱ्या गोळ्या, झिओलाइट. प्रत्येक पाकिटावर काहीतरी आकडा असतोच, आणि बहुतेक वेळा तो पृष्ठफळाचा असतो. एका लिटरमध्ये इतके शेकडो चौरस मीटर, जिवाणूंना राहायला इतकी जागा.

मला हा आकडा दिशाभूल करणारा वाटतो. खोटा असेलच असं नाही, पण प्रवाळाच्या टँकमध्ये जिवाणूंना जागा कमी पडणं हे फार क्वचित घडतं. नवा मीडिया वापरून पाहताना विचारायचं ते हे, की तो पाण्यातून नेमकं काय काढून घेणार आहे आणि किती वेगानं. या प्रश्नाचं उत्तर हाती नसताना टाकलेल्या मीडियामुळे जितके प्रवाळ मेलेले मी ऐकले आहेत, तितके फिल्टर अपुरा पडल्यामुळे ऐकलेले नाहीत.

आधी जागेचाच मुद्दा घेऊ. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीव कुठल्या ना कुठल्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. दगड, वाळू, काच, पंपाची नळी, त्यांना काहीही चालतं. पाठ्यपुस्तकांत त्यांची नावं नायट्रोसोमोनस आणि नायट्रोबॅक्टर अशी दिलेली असतात. प्रत्यक्ष टँकमधली वस्ती याहून गुंतागुंतीची निघाली. नायट्राइट संपवण्याचं काम बऱ्याच टँकमध्ये नायट्रोबॅक्टरऐवजी नायट्रोस्पायरा करते, हे 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात डीएनएच्या तपासणीतून कळलं. त्याहून मोठं आश्चर्य 2005 मध्ये पुढे आलं. अमेरिकेतल्या सिएटल ॲक्वेरियमच्या उष्ण कटिबंधीय टँकमधल्या खडीतून शास्त्रज्ञांनी अमोनियावर जगणारा एक सूक्ष्मजीव वेगळा काढला. त्याचं नाव नायट्रोसोप्यूमिलस मॅरिटिमस. तो जिवाणू नव्हताच, आर्किया नावाच्या सर्वस्वी वेगळ्या शाखेतला होता. पुढे लक्षात आलं की त्याचे भाऊबंद महासागरभर पसरलेले आहेत आणि समुद्रात अमोनियाचं रूपांतर करण्याचा मोठा वाटा तेच उचलतात. महासागराचं एवढं मोठं कोडं एका मत्स्यालयाच्या खडीतून उलगडावं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

या जिवांची वाढ सावकाश होते. उरलेलं अन्न कुजवणारे साधे जिवाणू अनुकूल परिस्थितीत अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात, पण अमोनिया खाणाऱ्यांना त्यासाठी अर्धा दिवस, एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. त्यांची संख्या ठरते ती मिळणाऱ्या अमोनियावर. गावात घरं कितीही बांधली, तरी तिथे पिकेल त्यावर पोसली जातील तितकीच माणसं राहणार. टँकमध्ये चार मासे आहेत, रोज चिमूटभर खाणं पडतं, तर त्यातून निघणाऱ्या अमोनियावर जेवढे जिवाणू जगू शकतात तेवढे लाइव्ह रॉकवर, म्हणजे टँकमधल्या जिवंत दगडांवर, आणि वाळूत आधीच असतात. नवा सिरॅमिकचा ठोकळा ठेवला म्हणजे त्यांची संख्या वाढत नाही. फार तर तीच वस्ती थोडी इकडून तिकडे विभागली जाते. शिवाय रीफ टँकमध्ये अमोनियाला आणखी गिऱ्हाइकं असतात. प्रवाळाच्या पेशींत राहणारं एकपेशीय शैवाल आणि टँकमधलं इतर शेवाळ अमोनिया थेट उचलतं, त्याचं नायट्रेट व्हायची वाटही पाहत नाही.

जागेचा हा हव्यास आला कुठून, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. 1961 मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातून आणलेले जिवंत दगड, प्रवाळ, समुद्राचंच पाणी आणि हवेचे बुडबुडे, बस्स. फिल्टर नाहीच. युरोपात आणि अमेरिकेत ते तेव्हा फारसं कुणाला जमलं नाही, कारण तिथे ताजे दगड आणि ताजं समुद्रजल हाताशी नव्हतं. तिथले लोक यंत्रांकडे वळले. 1986 मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांमुळे अमेरिकेत वेट-ड्राय फिल्टर घरोघर पोचला. त्यात पाणी वरून ठिबकत प्लॅस्टिकच्या काटेरी चेंडूंवरून, म्हणजे बायोबॉलवरून उतरतं. भरपूर हवा आणि भरपूर पृष्ठफळ, त्यामुळे अमोनिया झपाट्यानं नायट्रेटमध्ये बदलतो. माशांच्या टँकला हे उत्तमच होतं. प्रवाळ ठेवणाऱ्यांच्या मात्र लवकरच लक्षात आलं की या फिल्टरचं काम नायट्रेटवर येऊन थांबतं, पुढे सरकत नाही. एक मिलिग्रॅम अमोनियाचं साडेतीन मिलिग्रॅमहून जास्त नायट्रेट होतं आणि ते पाण्यात साठतच जातं. शौकिनांनी या फिल्टरला नायट्रेटचा कारखाना असं नाव ठेवलं.

दरम्यान जर्मन भाषक शौकीन, विशेषतः पीटर विल्केन्स आणि बर्लिनमधली मंडळी, वेगळ्या वाटेनं गेली होती. त्यांनी भरपूर लाइव्ह रॉक, फेसाबरोबर मळ बाहेर काढणारा दमदार प्रोटीन स्किमर आणि चुन्याची निवळी एवढ्यावर कठीण प्रवाळ वाढवून दाखवले. या बर्लिन पद्धतीत वेगळा जैविक फिल्टर नसतोच, दगड हाच फिल्टर. दगडाच्या वरच्या थरात अमोनियाचं नायट्रेट होतं. थोडं आत गेलं की प्राणवायू संपतो आणि तिथले दुसरे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून नायट्रोजन वायू सोडतात. तो हवेत निघून जातो. आजचे बहुतेक सच्छिद्र मीडिया याच दगडाची नक्कल करायला निघालेले आहेत.

भारतात या नकलेचं महत्त्व इतर देशांपेक्षा जास्त आहे, कारण अस्सल लाइव्ह रॉक आपल्या किनाऱ्यावरून उचलता येत नाही आणि उचलूही नये. रीफ घडवणारे सगळे कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ हे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. मालवणच्या सागरी अभयारण्यात ओहोटीला पाण्याखाली दिसणारा प्रवाळाचा तुकडा, अगदी मेलेला वाटला तरी, पिशवीत टाकणं गुन्हा आहे. परदेशी प्रवाळ आणि लाइव्ह रॉकवर साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत. आयातीची कागदपत्रं आणि जिवंत प्राण्यांची केंद्राच्या परिवेश पोर्टलवरची नोंद याबद्दल विक्रेत्याला स्पष्ट विचारायला हवं. त्यानं उडवाउडवी केली तर दुकान सोडावं. म्हणून आपल्याकडचा जबाबदार शौकीन सुका, माणसानं घडवलेला दगड वापरतो. तो सुरुवातीला निर्जीव असतो आणि त्याच्या आतल्या छिद्रांत वस्ती व्हायला महिने लागतात. अशा नव्या टँकमध्ये पहिल्या वर्षी सिरॅमिकचा किंवा भाजलेल्या काचेचा मीडिया खरोखर उपयोगी पडतो. दगड कमी आणि मासे जास्त असलेल्या टँकमध्ये, नवे मासे वेगळे ठेवायच्या क्वारंटाइन टँकमध्येही पडतो. माशांबद्दल सांगायचं तर समुद्रातून पकडलेल्याऐवजी हॅचरीत जन्मलेला क्लाउनफिश घ्यावा. केरळातल्या विझिंजमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे आणि आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही अशी हॅचरी आहे.

सच्छिद्र मीडियाबद्दल दोन गोष्टी मात्र पाकिटावर लिहिलेल्या नसतात. पहिली, छिद्रं किती आहेत यापेक्षा ती केवढी आहेत याला महत्त्व. जिवाणू साधारण एक मायक्रॉनचा असतो. त्याहून बारीक छिद्रांचं पृष्ठफळ आकड्यात धरलेलं असतं, पण जिवाणूला तिथे शिरताच येत नाही. ज्या छिद्रांत तो शिरतो तीही चिकट थरानं आणि गाळानं बुजत जातात. म्हणून अशा मीडियाच्या आधी फ्लॉस किंवा स्पंज हवा आणि तो फ्लॉस तीन-चार दिवसांनी बदलायला हवा. अडकलेला गाळ तिथेच राहिला तर तो कुजून पुन्हा नायट्रेटच देतो. मीडिया धुवायचा झाला तर पाणी बदलताना काढलेल्या टँकच्याच खाऱ्या पाण्यात हलकेच हिसळावा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ही वस्ती मारतं.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. नायट्रेट संपवायचं तर मीडियाच्या आत प्राणवायू नसलेला भाग हवा. प्राणवायू सच्छिद्र पदार्थात काही मिलिमीटरांपर्यंतच पोचतो, हे या कामाला सोयीचंच आहे. पण याचा अर्थ असा की प्रवाह थांबला की ही प्राणवायूविरहित हद्द बाहेरच्या अंगाला सरकते. उन्हाळ्यात पाणी तापलेलं असतं, त्यात मुळातच प्राणवायू कमी मुरतो, आणि तेव्हाच वीज जाते. टँकखालच्या उघड्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, निदान पृष्ठभागावरून थोडी देवाणघेवाण चालू राहते. बंद कॅनिस्टर फिल्टरमध्ये काही तासांत आतल्या पाण्यातला प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात, कुजल्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो, आणि वीज परत आली की पंप हे सगळं पाणी थेट टँकमध्ये ढकलतो. ज्यांच्याकडे भारनियमन नेहमीचं आहे त्यांनी जैविक मीडिया उघड्या संपमध्येच ठेवावा. बॅटरीवर चालणारा एअर पंपही जवळ असावा. वीज बराच वेळ गेली असेल तर कॅनिस्टर आधी उघडून, पाणी ओतून, मगच सुरू करावा.

आता कार्बन. या मीडियांपैकी हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात विश्वासाचा. शैवालातून आणि अन्नातून सुटणारे पिवळसर द्रव्यांचे रेणू तो धरतो. सार्कोफायटन, सायन्युलेरिया यांसारखे मऊ प्रवाळ शेजाऱ्यांना दूर ठेवायला पाण्यात टर्पीन गटातली द्रव्यं सोडतात, तीही तो काढतो. ज्यांच्या टँकमध्ये मऊ आणि कठीण प्रवाळ एकत्र आहेत त्यांनी कार्बनशिवाय राहू नये, असं माझं स्वच्छ मत आहे. भारतात नारळाच्या करवंटीचा उत्तम कार्बन बनतो, पण तो मुख्यतः पिण्याच्या पाण्यासाठी. करवंटीच्या कार्बनमधली छिद्रं फार बारीक असतात, ती लहान रेणूंना छान धरतात. टँकचं पाणी पिवळं करणारे रेणू मोठे असतात. त्यांच्यासाठी दगडी कोळशाचा, थोडी मोठी छिद्रं असलेला कार्बन जास्त कामाचा. कुठलाही नवा कार्बन आणला की चमचाभर आरओच्या पाण्यात रात्रभर भिजवून त्या पाण्याची फॉस्फेट टेस्ट करावी. काही कार्बन स्वतःच फॉस्फेट सोडतात आणि ते दुकानात दिसत नाही.

धुणंही नीट हवं, वरवर नको. कार्बनची भुकटी पाण्यात जाणं निरुपद्रवी नाही. सर्जनफिशच्या डोक्यावर आणि पार्श्वरेषेवर खड्डे पडणारा एक आजार आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लिग्नाइट कार्बन वापरलेल्या टँकमधल्या ओशन सर्जनफिशना हा आजार झालेला आढळला, आणि संशय बारीक भुकटीवरच गेला. पाणी काळं निघायचं थांबेपर्यंत धुवावं, मग पिशवीत भरून संपमध्ये ठेवावं.

कार्बनचा आणखी एक परिणाम फार लोक लक्षात घेत नाहीत. महिनोन्‌महिने कार्बन न वापरलेल्या टँकचं पाणी हळूहळू पिवळं होतं, डोळ्याला ते सवयीनं कळत नाही. त्यात एकदम भरपूर ताजा कार्बन टाकला की एक-दोन दिवसांत पाणी लख्ख होतं. घरातले सगळे खूश होतात. पण तो पिवळेपणा निळा आणि जांभळा प्रकाश शोषत होता. तो गेला की तोच दिवा, तीच वेळ, पण प्रवाळावर पडणारा प्रकाश अचानक वाढतो. मग वरच्या फांद्या फिकट पडतात, आणि माणूस कार्बनमध्ये विष होतं की काय याचा शोध घेत बसतो. नेहमीच्या मात्रेच्या पाव भागानं सुरू करून दोन-तीन आठवड्यांत पूर्ण मात्रेवर यावं, आणि तेवढे दिवस दिव्याची तीव्रता थोडी उतरवून ठेवावी.

खरी काळजी घ्यायची ती फॉस्फेटच्या मीडियाची. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. नवखे लोक ज्याला जीएफओ म्हणतात ते गंजाच्या रंगाचे, एक-दोन मिलिमीटरचे दाणे म्हणजे लोहाचं ऑक्साइड-हायड्रॉक्साइड. 1990 च्या दशकात बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक काढण्यासाठी हा पदार्थ दाणेदार रूपात तयार केला गेला. आर्सेनिक आणि फॉस्फरस आवर्त सारणीत एकाच स्तंभात येतात, आर्सेनेट आणि फॉस्फेट यांची ठेवण सारखी, त्यामुळे जो लोहाचा पृष्ठभाग एकाला धरतो तो दुसऱ्यालाही धरतो. रीफच्या शौकिनांनी याचा फायदा उचलला.

हे दाणे बादलीत आरओच्या पाण्यात घातले की विटकरी पाणी उठतं. ढवळून वरचं पाणी ओतून द्यायचं, पुन्हा घालायचं, पण हातानं चोळायचं नाही. हे दाणे ठिसूळ असतात, चोळले की आणखी पीठ होतं आणि नंतर ते स्किमरच्या कपात आणि पंपाच्या आत तांबूस थर होऊन बसतं. पाणी जवळजवळ नितळ आलं की दाणे छोट्या रिॲक्टरमध्ये भरायचे. प्रवाह इतकाच ठेवायचा की वरचे दाणे जागच्या जागी हलकेच हलावेत. उसळले तर एकमेकांवर घासून झिजतात. अजिबात हलले नाहीत तर काही दिवसांत त्यांचा एकच ढेकूळ होतो, कारण त्यांच्यावर पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट साकळतं. यातूनच कळावं की जीएफओ फक्त फॉस्फेटला हात लावत नाही. नवा जीएफओ घातलेल्या आठवड्यात अल्कलिनिटी घसरते. ज्यांचे प्रवाळ 8 डीकेएच अल्कलिनिटीला सुखी आहेत त्यांनी त्या आठवड्यात ती रोज मोजावी.

आता आकडे पाहू. खुल्या रीफवर फॉस्फेट लिटरमागे साधारण 0.02 मिलिग्रॅमच्या खालीच असतं. टँकमध्ये 0.03 ते 0.1 पर्यंत बहुतेक प्रवाळ उत्तम राहतात. समजा तुमच्याकडे 0.25 आहे आणि काचेवर हिरवा थर लवकर येतो. तुम्ही पाकिटावरची पूर्ण मात्रा घातलीत. दुसऱ्या दिवशी 0.08. तिसऱ्या दिवशी शून्य. काच स्वच्छ. मग दोन आठवड्यांनी पुन्हा 0.15. मीडिया खराब निघाला का? नाही. तुमच्या दगडात आणि वाळूत आधीच साठलेलं फॉस्फेट बाहेर पडतंय. कॅल्शियम कार्बोनेटचा दगड फॉस्फेट धरून ठेवतो आणि पाण्यातलं फॉस्फेट कमी झालं की सोडतो. जुन्या टँकच्या दगडात हा साठा प्रचंड असू शकतो. म्हणून पहिल्या महिन्यात आकडा खाली-वर होत राहतो. तेव्हा आकडा पुन्हा चढला म्हणून मात्रा दुप्पट करणारा माणूस प्रवाळाला दोनदा उपाशी पाडतो आणि दगडातला साठा मात्र अजून शिल्लकच असतो.

उपाशी हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या यॉर्ग विडेनमान आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये दाखवलं की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट अगदी कमी अशा पाण्यात प्रवाळातलं शैवाल फॉस्फरसच्या टंचाईत सापडतं. त्याच्या पेशीपटलांची घडण बदलते आणि मग थोडी उष्णता, थोडा जास्त प्रकाशही सोसवत नाही. प्रवाळ पांढरा पडतो. तो प्रयोग समुद्रातल्या प्रदूषणाचा विचार करून केलेला होता, पण त्यातली पाण्याची स्थिती घरच्या टँकमध्ये हुबेहूब उभी करायची असेल तर नायट्रेट 20 असलेल्या टँकमध्ये पूर्ण मात्रेनं जीएफओ टाकावा. शिवाय नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्याला टेकले की वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरणारा चिकट थर येतो. ते डायनोफ्लॅजेलेट असतात. ते ऑस्ट्रिऑप्सिस जातीचे असले तर त्यांच्या विषानं शंखगोगलगायी मरतात. साध्या हिरव्या शेवाळापेक्षा ते घालवणं कितीतरी अवघड.

अॅल्युमिनियम ऑक्साइडचे पांढरे गोळेही फॉस्फेटसाठी मिळतात. काम झटपट करतात, पण पाण्यात थोडं अॅल्युमिनियम सोडतात. रसायनशास्त्रज्ञ रँडी होम्स-फार्ली यांनी अॅल्युमिनियम मुद्दाम घालून पाहिलं, तेव्हा मऊ प्रवाळ आक्रसून बंद झाले. काही सिरॅमिक ठोकळ्यांमधूनही सुरुवातीला अॅल्युमिनियम सुटतं. तुमचा टोडस्टूल लेदर हा मऊ प्रवाळ नवा ठोकळा टाकल्यापासून पॉलिप बाहेर काढत नसेल तर आधी ठोकळा काढून पाहा, बाकीचं नंतर.

नायट्रेटसाठी बायोपेलेट आहेत, म्हणजे जिवाणूंना खाता येईल अशा प्लॅस्टिकच्या गोळ्या. त्यांतला कार्बन खाऊन जिवाणू भराभर वाढतात आणि वाढताना पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट अंगात घेतात. मग ते जिवाणू स्किमरनं बाहेर काढायचे. म्हणून रिॲक्टरचं पाणी स्किमरच्या तोंडाशी सोडायचं, नाहीतर टँक दुधाळ होतो. समुद्री जीवसृष्टीत नायट्रोजन आणि फॉस्फरसच्या अणूंचं गुणोत्तर सरासरी 16 ला 1 असतं, हे अल्फ्रेड रेडफिल्ड यांनी मांडलं. टेस्ट किटच्या भाषेत ते दहा मिलिग्रॅम नायट्रेटला साधारण एक मिलिग्रॅम फॉस्फेट असं पडतं. म्हणजे पेलेट नायट्रेट खूप काढतील आणि फॉस्फेट किंचित. फॉस्फेटच्या तक्रारीवर पेलेट हा उपाय नाही. झिओलाइटबद्दल एवढंच सांगतो की गोड्या पाण्यात तो अमोनियम छान धरतो, खाऱ्या पाण्यात सोडियम आणि पोटॅशियमची गर्दी इतकी असते की त्याची ती ताकद बरीच कमी होते.

नवा मीडिया आजमावायचा असेल तर एका वेळी एकच. त्याच आठवड्यात नवा दिवा नको, नवं मीठ नको, नवा मासाही नको, नाहीतर फरक कशानं पडला ते कधीच कळणार नाही. सुरू करण्यापूर्वी आठवडाभर नायट्रेट, फॉस्फेट, अल्कलिनिटी आणि सामू दिवसाच्या एकाच वेळी मोजून वहीत लिहावं. सामू दिवसा चढतो आणि रात्री उतरतो, म्हणून वेळ महत्त्वाची. मग पाव मात्रा. दोन आठवडे तीच. फॉस्फेट आठवड्याला 0.03 ते 0.05 पेक्षा जास्त वेगानं उतरत असेल तर मात्रा आणखी कमी. आकड्यांसोबत प्रवाळही पाहा, आणि ते रोज एकाच वेळी, शक्यतो दिवे लागून दोन तास झाल्यावर. झेनिया या मऊ प्रवाळाची धडधड मंदावली का, ॲक्रोपोराच्या फांद्यांची टोकं नेहमीपेक्षा पांढरी दिसतात का, रंग फिका होतोय का. ॲक्रोपोराचं टोक वाढताना थोडं पांढरं असतंच. पण पांढरेपणा टोकावरून खाली उतरू लागला, किंवा बुडाकडून कातडी सुटू लागली, तर त्याच दिवशी मीडिया बाहेर काढायचा.

जुना जैविक मीडिया काढून नवा घालायचा असेल, समजा संपमधले बायोबॉल काढून सिरॅमिक ठेवायचंय, तर दोन्ही काही काळ शेजारी राहू द्यावेत. मग बायोबॉल दर दोन आठवड्यांनी चौथा हिस्सा असे काढत जावेत, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी अमोनिया तपासावा. त्या काळात खाणं थोडं हात राखून घालावं.

नायट्रेट अगदी शून्यावर गेलं आणि प्रवाळ फिकट दिसू लागले तर आता लोक अन्नदर्जाचं सोडियम नायट्रेट आरओच्या पाण्यात विरघळवून थेंबाथेंबानं टँकमध्ये घालतात, दिवसाला लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त वाढ होणार नाही इतक्या बेतानं. आकडा 2 ते 5 वर स्थिरावला की थांबतात. चाळीस वर्षांपूर्वी बर्लिनच्या मंडळींनी ज्या नायट्रेटपासून सुटका करून घेतली, तेच आज बाटलीत भरून विकलं जातं. विकत घ्यायच्या आधी संपमधला मीडिया निम्मा करून पाहावा. बऱ्याच टँकमध्ये तेवढ्यानंच भागतं.